ज्ञानुमामा आणि विमानवाल्यांची जाकिटं

ज्ञानुमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते चैत्रातल्या भर दुपारी, अंथुर्ण्याला, त्यांच्याच ओसरीवर. मी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं, आणि ही गोष्ट ती आजतागायत विसरलेली नाही. मी बघत होतो तिच्या मामांकडे. बाहेर असं ऊन की दारातलं कुत्रं रांजणाच्या ओलीला पोट लावून पडलेलं, आणि मामा खुर्चीत ताठ बसलेले, अंगात विमानवाल्यांचं जाकीट. हिरवट, फुगीर, दंडावर पेनं खोचायचा खिसा. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर यायचा, तिथं जरा विचार करायचा आणि टपकन चहाच्या बशीत पडायचा. मामा तो चहा शांतपणे प्यायचे.

माझ्या शेजारी आमचे तात्या होते. म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द तात्यांचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही त्यांचाच. ते माझ्या कानाशी म्हणाले, "ताप हाय का रं त्यांला?"

मामांनी ऐकलं. "न्हाय ओ पावनं. ताप न्हाय. आवड हाय."

हा प्रश्न मामांना उभं आयुष्य विचारला गेला होता, हे मला पुढं कळलं. त्यांचं स्वतःचं लग्न याच प्रश्नावर दोनदा मोडलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी कुणाला विचारायची संधीच दिली नाही. बहीण विधवा होऊन लहानग्या सुनंदाला घेऊन माहेरी आली, तेव्हा मामांनी भाचीला मांडीवर घेतलं आणि लग्नाचा विषय बंद केला. पण मामांचा ताप भाचीलाही भोवत होता. माझ्याआधी तिला बघून गेलेल्यांपैकी एका घरानं निरोप धाडला होता की मुलगी चांगली आहे, पण घरात येडेपण आहे. ते पोरीच्या पोरांत उतरलं तर काय करायचं? सुनंदा हे मला सांगते तेव्हा वर जोडते, "येडेपण उतरायला माझ्याकडनंच यायला पायजे असं काय न्हाय."

मामांचा नाद सुरू झाला होता पुण्याच्या जुन्या बाजारात. विहिरीवरच्या इंजिनाचा कुठलासा भाग शोधायला ते गेले आणि येताना अंगात जाकीट घालून आले. इंजिनाचा भाग आणायचा राहिला. मका वाळला. आबांनी, म्हणजे मामांच्या वडिलांनी, त्यांना इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या वस्तीवरचे लोक मयत झाली समजून धावत आले. मामा जाकिटाच्या खिशांत हात घालून ऐकत उभे होते. नंतर मला म्हणाले, "शिव्या आत येत हुत्या, पर लागत न्हवत्या. लई जाड हुतं."

त्यानंतर जाकिटं येत गेली. काही जुन्या बाजारातून, काही सुट्टीवर आलेल्या जवानांकडून. हिवाळ्यात बारामतीला रस्त्याकडेला स्वेटर विकायला तिबेटी बायका बसायच्या, त्यांतली एक मामांसाठी विमानवाल्यांच्या जाकिटाची नक्कल बाजूला काढून ठेवायची. मामा नकलेला कमी लेखत नसत. म्हणायचे, "अस्सल जाकीट आधी दुसऱ्या कुनाचं तरी असतंय. नक्कल पयल्या दिवसापास्नं आपली." गुडघ्यापर्यंत येणारा पार्का त्यांच्याकडे होता, त्याच्या टोपीला केसाळ कड होती. तो घालून ते इंदापूरच्या बाजारात गेले की म्हशी दावं तोडायच्या. तुम्ही मिलिटरीत होता का, असं कुणी विचारलं तर मामांनी कधी थाप मारली नाही. "न्हाय. विमान म्या खालनंच बघितलंय," म्हणायचे. लोकांची फार निराशा व्हायची.

एका हिरव्या जाकिटाचं अस्तर भडक नारिंगी होतं. मामांनी मला समजावून सांगितलं, "विमान पडलं की ह्ये उलटं करून घालायचं. म्हंजे शोधनाऱ्याला वरनं दिसतंय." मग ते स्वतः उसाला पाणी धरायला गेले की ते उलटं घालायचे. पुरुषभर उंच उसात मामा कुठं आहेत ते वस्तीवरून दिसत नसे, पण नारिंगी ठिपका कधीमधी चमकायचा. आबा बांधावरून ओरडायचे, "विमान पडलं का रं?" आणि उसातून उत्तर यायचं, "पडतंय. भाकरी घिऊन या."

आबांचं आणि या नादाचं भांडण मात्र वेगळ्याच मुद्द्यावर होतं. त्यांची हयात मेंढरांमागं गेलेली. मेंढरं विकून पाटाच्या पाण्याची शेती आली, तरी आबांच्या खांद्यावरचं घोंगडं काही खाली उतरलं नव्हतं. वैशाखातही नाही. मामा म्हणायचे, "आमचा म्हातारा उनात लोकर पांघरून बसला तर रीत, आन म्या बसलो तर ताप?"

मामांकडे अस्सल म्हणावं असं एकच जाकीट होतं. तपकिरी कातडं, आणि आतून मेंढीची लोकर, कातड्यासकट, जशीच्या तशी. पूर्वीच्या लढाईत उघड्या विमानात बसणारे कुणी परमुलखातले लोक ते घालायचे म्हणे. मामांनी ते घरी आणलं त्या संध्याकाळी बापलेकांत पहिल्यांदा गोडीनं बोलणं झालं. दोघांनी लोकर चोळून पाहिली, हुंगून पाहिली.

"हिरव्या गवतावरचं हाय," आबा म्हणाले. "आपलं मेंढरू काट्यावर जगतंय. त्येची लोकर अशी येत न्हाय."

"मेंढी का मेंढा, आबा?"

"मेंढी. म्हातारी. सा-सात येळा व्यालेली."

मामांच्या दृष्टीनं त्या दिवशी जाकीट घरातलं झालं. आबांच्या दृष्टीनंही झालं, आणि तिथंच घात झाला. कातरणीचे दिवस आले तेव्हा मामांनी जाकीट उन्हाला म्हणून बाजेवर उलगडून ठेवलं होतं. परत येऊन बघतात तर आबा जाकीट मांडीवर घेऊन बसलेले, हातात मेंढरांची जुनी कातर, आणि अर्धी कॉलर भादरून साफ. आबांना दिसत नव्हतं असं नाही. जाकीट आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"आबा, ह्ये काय केलं?"

"लोकर वाढलीया. अशीच ठिवली तर किडं पडत्याल."

"आबा, ही परत उगवत न्हाय ओ."

"का? मेलेलं हाय व्हय?"

"पन्नास वर्सं झाली आसतील."

आबांनी कातर खाली ठेवली. "मंग आंगात कशापायी घालतूस?"

त्या दिवसापासून ते जाकीट अर्ध्या कॉलरीचं झालं. कुणी विचारलं तर मामा सांगायचे, "आबांनी कातारलंय," आणि त्यात तक्रारीपेक्षा मोठेपणाच जास्त असायचा.

त्या सुमारास आमच्या भागातली द्राक्षं परदेशी जायला लागली होती, आणि ती गार ठेवायला इंदापूरच्या रस्त्याला एका बागायतदारानं कोल्ड स्टोरेज बांधलं. ते सुरू झाल्याचं कळताच मामांनी साखर कारखान्यातली कायमची नोकरी सोडली आणि तिथं हंगामी ऑपरेटर म्हणून लागले. सगळ्या गावानं त्यांना वेड्यात काढलं. कायमची नोकरी सोडून कुणी हंगामी धरतं का? मामांचं म्हणणं साधं होतं. आतल्या खोलीत पारा शून्याच्या आसपास. "जल्मात पयल्यांदा म्या कामावर बरूबर कापडं घालून जातो," म्हणाले. अंगातलं एक सोडून सगळी जाकिटं त्यांनी तिथंच खुंट्यांना नेऊन लावली. जाकिटांना तिथं काम होतं.

आणि त्याच कोल्ड स्टोरेजात माझं लग्न ठरलं.

मुलगी मला पसंत होती. मी तिच्याकडे दुसऱ्या वेळी नीट बघितलं होतं. पसंती झाल्यावर सुपारीसाठी बैठक बसली, पुन्हा मामांच्याच ओसरीवर. आबा तोवर वारले होते, म्हणून बोलणारे मामाच. आमच्याकडून तात्या आणि आमच्या गावची, म्हणजे कऱ्हाटीची, सहासात वडीलधारी माणसं. जीप चालवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी. नवरदेवानं बैठकीला जायचं नसतं, पण ड्रायव्हरला कोण अडवतं? मामा नेहमीच्या हिरव्या जाकिटात. तात्यांनी येतानाच जीपमध्ये सांगून ठेवलं होतं की माणूस डोक्यानं हललेला आहे, तेव्हा बोलणी आपण रेटायची.

"लग्न कऱ्हाटीत. आमच्या दारात," तात्यांनी सुरुवात केली. "आमच्यात हीच रीत हाय. आन दुसरं, लग्नात तुमी ह्ये आंगात घालायचं न्हाय. आमचं पै-पावनं येनार."

मामांनी जाकिटाची चेन जराशी खाली ओढली. "दुसरं कबूल," ते म्हणाले. "ह्ये काढतो. पर लग्न हितंच व्हनार. सुनीला बाप न्हाय तात्या. दार तरी तिचं असू द्या."

तात्या हटेनात. मामा हटेनात. सुपारी ताटात तशीच. माझं लग्न त्या ताटाभोवती माशीसारखं घिरट्या घालत होतं, आणि मी जीपच्या किल्लीनं कान कोरत असल्याचं दाखवत होतो. एवढ्यात कोल्ड स्टोरेजवरचा गडी सायकल टाकून धापा टाकत आला. "मामा, लाइट गेली. जनरेटर उचलंना. आत माल भरलाय सगळा."

मामा उठले.

"बैठकीतनं उठलेला मानूस आमी परत बसवून घेत न्हाय," तात्या म्हणाले.

मामा उंबऱ्यात थांबले. एकीकडं कुणाच्या तरी वर्षाची द्राक्षं, एकीकडं भाचीचं लग्न. त्यांनी ताट उचललं, सुपारीसकट. "मंग म्या उठत न्हाय. बैठकच उचलू. चला समदी."

आता याला काय म्हणायचं, हे तात्यांना ठरवता येईना. रीतीत कुठंच बसत नव्हतं, आणि रीत मोडली असंही म्हणता येत नव्हतं. सगळी बैठक जीपमध्ये दाटीवाटीनं बसली. मी चालवली. मामांनी जाताच जनरेटरला पान्ह्यानं दोनचार टोले घातले, तो सुरू झाला. पण आत पारा चढलाय का, हे बघत थांबणं भाग होतं. म्हणून बैठक आत बसली. द्राक्षांच्या पेट्यांवर.

कऱ्हाटीची माणसं आयुष्यात अशी थंडी कधी सोसली नव्हती. मलमलचे सदरे आणि धोतरं. दात वाजायला लागले. मामांनी लगबगीनं खुंट्यांवरची जाकिटं काढली आणि एकेकाच्या अंगावर घातली. तात्या वडील, म्हणून त्यांच्या खांद्यावर अस्सल, अर्ध्या कॉलरीचं. शेवटी त्यांनी आपल्या अंगातलं हिरवंही काढून कुणाला तरी दिलं आणि स्वतः पोतं पांघरलं. माझ्या वाट्याला केसाळ टोपीचा पार्का आला. त्या टोपीतून मला काहीही ऐकू येत नव्हतं, त्यामुळं माझ्या लग्नाचं काय ठरलं ते मला बाहेर आल्यावर दुसऱ्याला विचारावं लागलं.

झालं असं की थंडीनं तात्यांची वाक्यं आखडली. एरवी ते एका मुद्द्याला पणजोबांपासून सुरुवात करतात. इथं तोंड उघडलं की वाफ निघायची, आणि ते वाफेकडं बघत राहायचे. खिशांत हात घालून, लोकरीत मान खुपसून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, "दार तुमचं. वरात आमची. फोडा."

अडकित्ता कुणाच्याच बोटांत धरवेना. सुपारी मामांनी पान्ह्यानं फोडली.

बाहेर आलो. ऊन अंगावर कोसळलं. मामा दाराशी उभे राहिले, जाकिटं गोळा करायला, हात जरासे पुढं केलेले. कुणीच जाकीट काढेना. तात्यांनी ते पुढं आलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि म्हणाले, "पावनं, लई सोयरीकी बघितल्या. टोपी-टॉवेलावर भागिवत्यात लोक. एवढा मान कुनी केला न्हवता."

सुपारीच्या वेळी मुलीकडच्यानं व्याह्याच्या अंगावर घातलेलं वस्त्र म्हणजे मान. तो परत मागायचा नसतो. मागितला तर सोयरीक तिथंच मोडते. मामांचा वीसएक वर्षांचा नाद जीपमध्ये चढत होता, एकेक पाय वर टाकून. त्यांनी खांद्यावरचं पोतं सारखं केलं.

"मान घेतला, ह्ये तुमचं मोठंपन," म्हणाले.

मी पार्का घालूनच जीप चालवली. मलाही तो मानच वाटला होता, हे कबूल केलेलं बरं.

लग्न वैशाखात झालं, सुनंदाच्या दारात. कऱ्हाटीची वडीलधारी माणसं मांडवात पुढच्या ओळीत बसली ती मानाची जाकिटं घालून. दोघांना भोवळ आली, सरबत पाजावं लागलं, पण जाकीट कुणी उतरवलं नाही. अंतरपाट धरला तेव्हा सुनंदाच्या मागं मामा उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात. अट त्यांनी पाळली होती. सोललेल्या वांग्यासारखे दिसत होते. त्यांची नजर भाचीच्या डोक्यावरून सारखी पुढच्या ओळीकडे जायची, कुणाची शिवण उसवलीय ते बघत.

पुढचा हंगाम आला तेव्हा सुनंदा दिवसांची होती. माहेरी दोन दिवस राहून आली, आणि आल्या आल्या मला म्हणाली, "मामा कोल्डमदी आबांचं घोंगडं पांघरून बसत्यात. खोकत्यात."

मी म्हणालो, तात्यांशी योग्य वेळ बघून बोलतो. माझी योग्य वेळ साधारणपणे येत नाही, हे तिला वर्षभरात कळलं होतं. तिनं त्याच दुपारी तात्यांना भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं, "तात्या, जाकिटं मान म्हनून दिली न्हवती. तितं थंडी हुती म्हनून दिली. मामाला परत पायजे हुती, पर मागता यीना."

तात्यांचा घास तोंडातच राहिला. मोठ्या कष्टानं गिळून ते म्हणाले, "मंग वरीसभर म्या काय घालून हिंडतोय?"

"दुसऱ्याचं जाकीट."

तात्यांनी दोन दिवस जाकीट खुंटीला लावून ठेवलं. अडचण खरोखर मोठी होती. मान परत धाडला तर देणाऱ्याचं नाक कापलं जातं, ठेवला तर घेणाऱ्याचं. तिसऱ्या दिवशी ते सुनंदाला म्हणाले, "पयलं बाळंतपन कुठं असतंय गं?"

"म्हायेरी."

"बारसं?"

"तितंच."

"आन बारशाला आमी मोकळ्या हातानं यायचं, का आहेर आनायचा?"

मुलगी झाली. तिच्या बारशाला कऱ्हाटीहून जीप भरून माणसं अंथुर्ण्याला गेली. बाळाला कुंची, बाळलेणी हे सगळं झाल्यावर मामांना पाटावर बसवलं आणि एकेकानं उठून त्यांच्या अंगावर आहेर घालायला सुरुवात केली. मामांना आधी कळेना. पहिलं जाकीट खांद्यावर पडलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि तसेच बघत राहिले. दुसरं आलं. तिसरं आलं.

जाकिटं वर्षभर कऱ्हाटीत राहिली होती, आणि ते दिसत होतं. एक धोपटण्यानं बडवून धुतल्यामुळं आतला कापूस गोळे होऊन खाली बसला होता. एकाच्या बाह्या औषध मारायला अडचण होते म्हणून कोपरापासून कापल्या होत्या. नारिंगी अस्तराचं ज्वारीत बुजगावण्याला घातलं होतं, त्याच्या काखेत अजून कडबा होता. माझा पार्का मी जपून ठेवला होता असं मला वाटत होतं. मामांनी हात घातला तर खिशातून उंदराचं घरटं निघालं. मामा प्रत्येक जाकिटाला कुंकू लावत होते आणि देणाऱ्याला म्हणत होते, "राखलंय चांगलं."

शेवटी तात्या उठले. त्यांनी अस्सल जाकीट घालूनच प्रवास केला होता. ते त्यांनी उतरवलं. आत नुसती बंडी. तात्यांचे खांदे इतके बारके आहेत, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी जाकीट मामांच्या अंगावर घातलं, व्यवस्थित, दोन्ही बाजू सारख्या करून, आणि हात जोडले.

मामांनी एक हात लोकरीवरून फिरवला. मग उठले, जाकीट काढलं आणि तात्यांच्या खांद्यावर परत ठेवलं.

"आहेराला परतीचा आहेर असतोय," म्हणाले.

तात्या मागं सरले. "न्हाय न्हाय. ह्ये तुमचं अस्सल हाय. मला समदं कळलंय आता. पयल्या बारीला थंडी हुती म्हनून दिलं तुमी."

"व्हय," मामा म्हणाले. "आता कुठं थंडी हाय, तात्या?"

बाहेर फाल्गुनाचं ऊन फणफणत होतं. तात्यांनी एकदा दाराबाहेर पाहिलं, एकदा मामांकडे. मग दोन्ही हात बाह्यांत घातले.

निघायच्या वेळी मामा फाट्यापर्यंत सोडायला आले. त्यानंतर मी त्यांना कितीतरी वेळा भेटलो असेन, पण त्यांची आठवण काढली की मला तो फाटाच दिसतो. तात्या जीपमध्ये पुढं बसले होते. मामा त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. अंगात बुजगावण्याचं जाकीट.

"तात्या, वाऱ्याला बसलाय. गळ्यापतुर वढून घ्या."

वारा कसला, गरम झळा होत्या. तात्यांनी निमूटपणे गळ्यापर्यंत चेन ओढून घेतली. मी जीप सुरू केली. आरशात मामा लहान लहान होत गेले. एक हात वर केलेला, निरोपाला असावा असं मला आधी वाटलं. मग दिसलं, ते काखेतला कडबा काढत होते.